पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

जय भीम पोरी,

काल फोनवर विचारलंस, काका, मीच जास्त मनाला लावून घेतेय का. रात्रभर तेच डोक्यात. भर लॅबमध्ये जातीचं नाव घेऊन "तुला काय, फुकटची सीट" म्हणाले, सर बाजूलाच उभे, आणि तू ग्रुपवरचे मेसेजसुद्धा डिलीट करून टाकलेस! का गं? खरं सांगतो, रागच आला मला. कुणाचा तरी स्क्रीनशॉट असेल तर आजच माग.

९४ साली मी नोकरीला लागलो. ऑफिसात सगळ्यांना स्टीलचे पेले आणि मला कान तुटलेला कप, खिडकीत पालथा घातलेला, चहा झाला की मीच विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. तीन वर्षं. शेवटी साहेबांना तोंडी सांगितलं, ते म्हणाले बघतो, आणि दुसऱ्या दिवशी कप गायब. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे म्हणतात, कसला कप? माझ्याकडे दाखवायला एक चिठोरं नव्हतं. घरचे अजून म्हणतात तुम्ही घाबरलात. हो घाबरलो, बहिणीचं लग्न तोंडावर, घरात एकच पगार, काय करायला हवं होतं मी? पण अर्ज लिहायचा राहिला तो राहिलाच, ते आजही टोचतं.

म्हणून सांगतो, लेखी दे. चवदार तळ्याचं २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे, पण पुढे बाबासाहेब दहा वर्षं कोर्टात कागदावर भांडले, १९३७ ला हायकोर्टात जिंकले, ते कोण सांगतं?

केस कर म्हणत नाहीये, ते तू ठरव. पण उद्या करावीशी वाटली तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांसमोर झाला का हे बघतात, २०२० ला सुप्रीम कोर्टाने चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं त्यात धरलं नाही, म्हणून लॅबमध्ये कोण कोण होतं ते आत्ताच लिहून ठेव, महिन्याने नावं आठवणार नाहीत. आणि पोलिसांनी घेतलंच नाही तर तेच लिहून पोस्टाने एसपींना पाठवता येतं, याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांत तशी सोय आहे. तिथंही लेखीच!

प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात आहेत म्हणालीस. मला कळत नाही का ते? अगं म्हणूनच लेखी दे, पुढे मार्क कापले तर त्याच्या आधीची तारीख तुझ्या अर्जावर असेल.

एचओडी म्हणतील आपसात मिटवू, चहा पाजतील, बेटा बेटा करतील. बस, ऐकून घे, पण अर्ज मागे घेऊ नकोस. दोन प्रती ने, एक त्यांना दे, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, सही. क्लार्क म्हणेल उद्या या. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

त्यांनी जे शब्द वापरले तेच लिही, लाजून गुळमुळीत करू नकोस. कच्चं लिहून रविवारी घरी ये, मी वाचतो. काकूला सांगून ठेवलंय, जेवूनच जा.

तुझा काका