कादंबरीतली पगाराची पाकिटं कापसाच्या घरी का चालत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका हलक्याफुलक्या कादंबरीतला कारकून उधाऱ्या करकरून बुडतो, मग पगाराची पाकिटं पाडतो (किराणा, भाडं, दूध, शिल्लक) आणि वर्षभरात सावरतो. तुमचं घर धरणगाव तालुक्यात, पाच एकर कोरडवाहू कापसावर. वडिलांच्या नावे गावच्या विकास सोसायटीचं (शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी सहकारी संस्था) ९०,००० पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि तुमच्या मोटारसायकलचा हप्ता. त्या कादंबरीतून काय घ्यावं आणि आधी काय फेडावं?

मी अशाच विकास सोसायटीत गटसचिवाचं, म्हणजे कर्जाचे कागद आणि हिशोब पाहण्याचं, काम केलं आहे, म्हणून उत्तर देतो. कादंबरीतून खर्च रोज लिहिणं तेवढं घ्या. पाकिटं सोडा. ती ज्याच्या हातात दर महिन्याला पैसा येतो त्याच्या कामाची. कापसाचा पैसा दिवाळी ते संक्रांत, तीन-चार वेचण्यांत येतो आणि बाकीचं वर्ष त्याच्यावरच रेटायचं असतं. ‘शेतकऱ्याला पैसा वापरता येत नाही’ असं म्हणणाऱ्या नोकरदारांशी माझा जुना वाद आहे. त्यांचा एखाद्या महिन्याचा हिशोब चुकला तर पुढच्या पगाराला दुरुस्त होतो. कापूसवाल्याला ती संधी वर्षातून एकदाच मिळते.

आता तुमच्या पाच एकरांचा हिशोब. एकरी ५ क्विंटल धरले तर २५ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होता, पण खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो ती) कटती, म्हणजे वजनातली कपात, जाऊन हातात येतं ते कमी, म्हणून ७,००० धरू. एकूण १,७५,०००. बी, खत, फवारणी, निंदणी, मशागत एकरी १५,००० म्हणजे ७५,०००. वेचणी किलोला १० रुपये धरली तर २५,०००. उरले ७५,०००, म्हणजे महिन्याला ६,२५०. तुमचं अंथरूण एवढंच आहे. दूध, शेळ्या, मजुरी याचा पैसा वेगळा मोजा. जानेवारीत हाताशी खेळणारे पावणेदोन लाख हे उत्पन्न नव्हे.

यासाठी रुपयांत नको, क्विंटलमध्ये वाटणी करा. २५ पैकी १३ क्विंटल सोसायटीचे. साडेतीन वेचणीचे. उरलेले साडेआठ घराचे, म्हणजे साधारण ५९,५००, वर्षाला पुरवले तर महिन्याला ५,००० च्या आत. कर्जातून लागवडीचे ७५,००० गेल्यावर जे १५,००० उरतात ते पावसाळ्यातल्या दवाखान्यासाठी आणि शाळेसाठी. ही वाटणी पहिली वेचणी घरात यायच्या आधी वहीत लिहा. वही आखाजी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) ठेवा. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं) साल तेव्हाच बदलतं आणि लेकी माहेरी येतात तो खर्चही तेव्हाच पडतो, त्यामुळे मार्चपेक्षा हे वर्ष घराला जास्त जुळतं.

घर बुडतं कुठे, तर ‘नवं-जुनं’ करताना, म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलताना. यावर मी सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्यांना हे दिसत नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की किमान ७ टक्के लागतात, ९०,००० वर ६,३००. मुदत मार्चची आणि मार्चला हातात पैसा नसतो, म्हणून गावातल्या माणसाकडून आठ दिवसांच्या बोलीवर ९०,००० घेतात, महिन्याला शेकडा ३ ने. दिवस आठ असले तरी व्याज पूर्ण महिन्याचं, २,७००. कागदावर हा सौदा बरा वाटतो, ६,३०० वाचवायला २,७०० दिले. पण नवीन कर्जाची मंजुरी आठ दिवसांत येत नाही. जमिनीच्या नोंदीचा फेरफार अडतो, सही राहते, बँकेत गर्दी असते. दुसरा महिना लागतो, आणखी २,७००. मग नवीन कर्ज आलं की ते तसंच त्या माणसाला जातं. जूनमध्ये हात रिकामा, म्हणून बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर. रोखीत ८०० ची बाटली उधारीत ९०० ला पडली तर सहा महिन्यांचे साडेबारा टक्के झाले, वर्षाचे २५. शिवाय ब्रँड तुमच्या पसंतीचा नसतो, आणि कापूसही बऱ्याचदा त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला घालावा लागतो. म्हणजे सोसायटीचं कर्ज बिनव्याजी असूनही सगळा हंगाम महागाच्या पैशावर उभा राहतो. यात लग्न नाही की मोबाईल नाही. उधळपट्टी न करणारी घरंही याच वाटेने गेलेली आहेत, आणि त्यांना काटकसर शिकवणाऱ्याने आधी ही तारीख समजून घ्यावी.

या फेऱ्यात आधीच अडकला असाल तर एका वर्षात सुटायचा हट्ट धरू नका. सोसायटीत थोडं थोडं भरता येतं. पहिल्या वेचणीची पट्टी (विक्रीची पावती) आणि पैसे हातात आले की त्याच आठवड्यात २०,००० भरा आणि पावती त्याच दिवशी घ्या. मार्चला ७०,००० च उसने लागतील. नवीन कर्ज आल्यावर त्यातले २०,००० घरी राहतात, त्यांतून निदान बी आणि पहिलं खत रोखीने घ्या. पुढच्या वर्षी ४०,०००. पैसा घरात किंवा एटीएमच्या खात्यात ठेवून ‘मार्चला भरू’ म्हणू नका. संक्रांतीपर्यंत तो राहत नाही, हे माझं ठाम मत आहे.

भावाचंही सांगतो. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, १२ च्या वर गेला की माल परत. सकाळच्या दवातली वेचणी लगेच भरू नका, कापूस दोन दिवस उन्हात पातळ पसरा, ताडपत्रीवर. मुठीत दाबून सोडला की तो लगेच फुलला पाहिजे. पैसे खात्यात यायला दिवस लागतात, म्हणून वेचणाऱ्या बायांच्या मजुरीपुरता माल खेडा खरेदीत द्यावाच लागतो. पट्टीवर वजन, कटती, हमाली वेगवेगळी लिहून घ्या.

फेडायचा क्रम: शेकडा ३ वाला असेल तर आधी तो, मग कृषी केंद्र, मग मोटारसायकल. सोसायटी या रांगेत नाही. ती स्वस्त असली तरी तारखेची आहे, म्हणून तिचे १३ क्विंटल आधीच बाजूला. मोटारसायकलच्या हप्त्याचा दर ‘१२ टक्के फ्लॅट’ (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) सांगितला असेल तर १ लाखावर तीन वर्षांत ३६,००० व्याज जातं, हप्ता ३,७७८. घटत्या मुद्दलावर तो दर सुमारे २१ टक्के होतो.

हे सगळं कोरडवाहू कापसाचं. रावेर-यावलकडची केळी असेल तर पैसा कापणीला एकदम येतो आणि खर्चही एकरी कितीतरी मोठा, तिथे हे आकडे लावू नका. बोंडअळीने २५ चे १५ क्विंटल झाले तर सोसायटीचे १३ निघणार नाहीत. तेव्हा मुदत टळण्याआधीच जाऊन पुनर्गठनाचं (कर्जाची मुदत वाढवून हप्ते पाडण्याचं) विचारा. आणि घरात दुखणं निघालं तर वहीपेक्षा माणूस आधी, त्यात वाद नाही.

मोटारसायकल लवकर फेडणार असाल तर पूर्ण फेडीचा आकडा आणि त्यावरचं शुल्क लेखी मागा. फेडल्यावर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. तो राहिला तर गाडी विकताना अडते.