दोन कवी आणि एक माईक

पहिल्यांदाच दोन गाणाऱ्या कवींना रेडिओवर बोलतं करणार असशील, तर आधी वेळ मोज. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात एक कविता वाचून तीच गाऊन दाखवली की चार-पाच मिनिटं गेलीच. उरलेल्या वेळात तीनच प्रश्न ठेव. 'कविता कशी सुचते?' हा तर नकोच. त्यापेक्षा विचार, चाल लावताना कुठला शब्द बदलावा लागला? ओवीचा चौथा चरण आखूड. तिथे गाणारा थांबतो की स्वर लांबवतो? इथे दोघांचं हमखास जुंपतं, आणि ऐकण्यासारखं तेच असतं. मध्ये पडू नकोस.

माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. अगदी समोर आला की 'फ', 'भ' फुटतात. कागद सुटे ठेव, टाचलेले उलटताना खरखरतात. सोबत घुमट, म्हणजे चामडं ताणून बसवलेलं गोव्याचं मातीचं तालवाद्य, असेल तर वादकाला चार-पाच फूट लांब बसव, नाहीतर शब्द बुडतात. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने घुमटाचं चामडं सैल पडतं, आवाज बसका येतो; रेकॉर्डिंगआधी शेकून घ्यायला सांग. आणि बोलता बोलता कोणी कोंकणीत शिरलं, तर शिरू दे.