पहिली हजेरी : हातात किती येतात ते सांग

या महिन्यात पत्रं कमी आणि व्हॉट्सॲप जास्त आलेत, डिग्री-आयटीआयचे निकाल लागले की दरवर्षी हेच. नवीन वाचकांना एवढंच सांगते की मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात 26 वर्षं हजेरी आणि पगारपत्रक केलंय, त्यामुळे माझ्याकडून सल्ला कमी आणि हिशोब जास्त मिळेल. नावं कुणाचीच छापत नाही, कंपन्यांची तर नाहीच नाही, फोन करून विचारू नका.

ताई, मी यंदा बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लास. दोन ऑफर आहेत. एक पुण्यात कॉल सेंटरची, पॅकेज 2 लाख 37 हजार, लोकांना इन्शुरन्स रिन्यू करा म्हणून फोन करायचे. दुसरी इथेच नव्या पेठेत, एका टॅक्सचं काम करणाऱ्या ऑफिसात 9,500, घरून डबा न्यायचा. पुण्यात मैत्रिणीच्या पीजीत कॉट 6,500 ला आहे आणि मेस 3,500. घरचे म्हणतात मुलीनं एकटीनं कशाला जायचं, मैत्रिणी म्हणतात सोलापुरात राहिलीस तर संपलीस. मी महिन्याला 20 हजार धरून चाललेय. मग पुणेच बरं ना? — जुळे सोलापूर

अगं, 20 हजार कुठून धरलेस? पॅकेजला 12 नं भागलंस आणि झालं, असंच ना. सगळे हेच करतात, माझ्या भाच्यानंही केलं होतं आणि पहिल्या पगाराला तोंड पाडून बसला होता. तू ऑफर लेटरचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, आता तोच समोर घेऊन बस.

त्यात बेसिक 10,000 आहे आणि बाकी सगळे भत्ते मिळून 8,000, म्हणजे ग्रॉस 18,000. त्याच्या खाली बारीक अक्षरात कंपनीचा पीएफ 1,200 आणि कंपनीचा ईएसआय, म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याचा हप्ता, 585 लिहिलंय बघ. हे पैसे पॅकेजमध्ये मोजलेत पण तुझ्या खात्यावर पगार म्हणून कधीच पडणार नाहीत. 18,000 अधिक 1,200 अधिक 585 म्हणजे 19,785, गुणिले 12 कर, आलं तुझं 2 लाख 37 हजार. आता 18,000 मधून तुझा स्वतःचा पीएफ कापणार, बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 1,200, आणि ईएसआय पाऊण टक्का म्हणजे 135. प्रोफेशनल टॅक्स तुला नाही, आपल्या राज्यात बायकांना 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे, तुझ्या भावाला मात्र हाच पगार असता तर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 गेले असते. तर हातात आले 16,665. पीएफ बुडाला असं समजू नकोस, तो तुझाच आहे, फक्त आज त्यातून मेसवाल्याचे पैसे देता येत नाहीत.

आता 16,665 मधून कॉट आणि मेसचे 10,000 गेले. राहिले 6,665, त्यात बस, रिचार्ज, रविवारी मेस बंद असते तेव्हाचं बाहेरचं खाणं, महिन्यातून एक-दोनदा हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येणं, आणि येताना हात हलवत येणार नाहीस तू, मला माहितीये. साडेतीन-चार हजार उरले तर तू काटकसरी. इकडं नव्या पेठेतलं ऑफिस पाच-सहा जणांचं, पीएफ 20 माणसांपासून लागतो आणि ईएसआय 10 पासून, त्यामुळे तिथं 9,500 म्हणजे 9,500. महिनाअखेरीला जास्त पैसे सोलापुरातच उरतात, हे मला पण लिहिताना जरा गंमतच वाटतेय.

पण फक्त उरण्यावर नोकरी धरत नाहीत गं. हाताला काय लागतं ते बघ. टॅक्सच्या ऑफिसात महिना कसा फिरतो सांगते, 7 तारखेच्या आत टीडीएस म्हणजे कापून ठेवलेला टॅक्स भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, 20 ला 3बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. दहा तारखेला रात्री नऊ वाजतील, ते आत्ताच घरी सांगून ठेव. वर्षभर हे बारा वेळा केलंस तर डिग्रीच्या कागदावरचं बी.कॉम. बोटांत उतरतं. मात्र एक खोच आहे. अशा ऑफिसात कित्येक पोरी वर्षभर नुसत्या बिलांचे गठ्ठे लावतात आणि स्कॅन करत बसतात. म्हणून जॉईन व्हायच्या आधी तिथं आत्ता जी मुलगी काम करते तिला खाली चहाच्या टपरीवर गाठ, सरांना नको विचारूस, तिला विचार, की कुठलं रिटर्न तू स्वतः भरतेस. ती म्हणाली चार पार्ट्यांचं मीच बघते, तर डोळे झाकून तिथंच लाग, वर्ष-दीड वर्ष काढ आणि मग पुण्याला जा, हुतात्मा रोज सकाळी सुटतेच. ती म्हणाली सर पोर्टलचा पासवर्डच देत नाहीत, तर बॅग भर. कॉल सेंटर वाईट नसतं, अनोळखी माणसाशी न घाबरता बोलायला आणि नकार ऐकायला तिथं जेवढं शिकशील तेवढं इथं नाही शिकणार.

आणि ते 'एकटीनं कशाला' आहे ना, ते या हिशोबात आणूच नकोस. सोलापूर निवडलंस तर ते काम चांगलं आहे म्हणून निवड. घरचे घाबरले म्हणून निवडलंस तर दोन वर्षांनी त्यांच्यावरच चिडशील.

मॅडम, मी आयटीआय फिटर आहे, एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागून 3 आठवडे झाले. अजून मशीनला हात लावू दिला नाही. झाडू मारायला लावतात, चहा आणायला लावतात, आणि जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मुकादम आणि बाकीचे सगळे आपसात तेलुगूत बोलतात ते मला काहीच कळंना. चाकणचा मित्र ये म्हणून बोलवलालाय. सोडून देऊ काय? — विडी घरकुल

आधी मला हे सांग की तू तिथं कोण म्हणून आहेस? अप्रेंटिस की हेल्पर? हे तुलाच माहीत नसणार, पैज लावते. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली अप्रेंटिस असशील तर तुझा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, मिळतो त्याला पगार नाही, स्टायपेंड म्हणतात, पीएफ कापत नाहीत आणि शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं जे पुढं भरतीला कामाला येतं. नुसता हेल्पर असशील तर यातलं काही नाही पण मग पगार आणि बाकीचं कामगारासारखं मिळालं पाहिजे. उद्या ऑफिसात जाऊन माझ्या कराराची कॉपी द्या म्हण. घाबरू नकोस, माझ्यासारखीच कोणीतरी बाई बसली असेल तिथं.

आता झाडू. तुला राग येईल पण ऐक. आमच्याकडं एक पोरगा होता तुझ्यासारखाच, त्यालाही मागांच्या खालचा सुताचा कचरा काढायला लावला होता. हा झाडताना जे नट, वायसर, स्प्रिंगचे तुकडे सापडतील ते फेकून न देता खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवायचा आणि दुपारच्या सुट्टीत जॉबरला एकेक दाखवून विचारायचा, हा कुठला. पहिले चार दिवस जॉबरनं शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी एक नट बघून तो उठला आणि सरळ 14 नंबरच्या मागाकडं गेला, कारण तो नट खाली पडायला नको होता. सहाव्या आठवड्यात पोराच्या हातात पाना आला. माग रात्रंदिवस धडधडतो, काहीतरी सैल होतच असतं, आणि कुठला माग काय गाळतो हे झाडणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं. ऑफिसात बसून मला नाही दिसायचं.

तेलुगूचं म्हणशील तर सोलापूरच्या पूर्व भागात राहून तुला तेलुगू येत नाही हेच मला नवल. माग चालवणारी कित्येक घरं पद्मशाली समाजाची, पिढ्यानपिढ्या सोलापुरात राहिलेली, मराठी तुझ्यापेक्षा चांगली बोलतात, पण हातात काम असलं की तोंडात घरची भाषा येते, त्यात तुला वगळायचा विचार नसतो. जेवायच्या सुट्टीत जॉबरला एकदा 'तिन्नारा?' विचारून बघ, म्हणजे जेवलात का. हसतील तुझ्या उच्चाराला, हसू दे, त्यानंतर जागा करून देतील. शेंगाची चटणी डब्यात असेल तर अजून लवकर.

चहा आण, पण सगळ्यांचा आणतोस तसा तुझा पण आण आणि त्यांच्यात उभा राहून पी. कोपऱ्यात जाऊन मोबाईल काढलास की तू चहावाला झालास.

हे सगळं तीन महिन्यांपर्यंत. तीन महिन्यांनीही पाना मिळाला नाही तर मीच म्हणीन सोड. आणि वीज बंद न करता मशीनमध्ये हात घाल असं कोणी म्हणालं तर तीन महिने कशाला, तिथल्या तिथं नाही म्हणायचं, बोट गेल्यावर सॉरी म्हणायला सगळे येतात. चाकणला पण नवीन पोराच्या हातात आधी झाडूच देतात, वर खोलीभाडं वेगळं.

युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये सुपरवायझर म्हणून लागले. त्यांनी माझी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली, मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. पगारही 18-20 तारखेला देतात. विचारलं तर म्हणतात सीझन आहे, शाळांचं पेमेंट आलं की देऊ. — अशोक चौक

ओरिजिनल दाखवायची असते, द्यायची नसते. कंपनीला सही केलेली झेरॉक्स पुरते. बँकेत लोनसाठी पाहिजे किंवा ॲडमिशनला पाहिजे असं काहीही सांग आणि परत आण, परत दिली नाही तर व्हॉट्सॲपवर लेखी माग, म्हणजे तुझी मार्कशीट त्यांच्याकडं आहे याचा पुरावा तरी होतो. पुढच्या वेळी मात्र इंटरव्ह्यूला जाताना झेरॉक्सचे दोन सेट आणि ओरिजिनल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर आपल्या मांडीवर.

पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो, तसा कायदाच आहे, शाळांचं पेमेंट हा मालकाचा प्रश्न. सीझनला एखादा महिना पुढं-मागं झाला तर मी पण सांभाळून घे म्हणीन, मालकही इथलेच असतात आणि जूनच्या आधी सगळे पैसे कापडात अडकलेले असतात हे मी पाहिलंय. पण दिवाळीतही 20 तारीखच असेल तर तो सीझन नाही, सवय आहे. एकटी जाऊ नकोस, शिलाईच्या चार-पाच बायकांना घेऊन जा, आणि तरी जमलं नाही तर कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे.

सोलापूर विमानतळावर ग्राउंड स्टाफची भरती आहे म्हणून फोन आला, रजिस्ट्रेशनचे 2,500 भरले, घरी आईला सांगितलं नाही, आता युनिफॉर्मचे 4,800 मागतात. भरू का? — मजरेवाडी

नको रे बाबा! एक रुपया नको. 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून अशा फोनांना ऊत आलाय. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. आत्ता हे वाचतोयस तिथूनच 1930 ला फोन लाव, सायबरची हेल्पलाईन आहे, जेवढ्या लवकर लावशील तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट डिलीट करू नकोस. आणि आईला सांग, 2,500 गेल्यापेक्षा तू लपवलंस याचं तिला जास्त वाईट वाटेल.

8 महिन्यांनी पहिली नोकरी सोडली, दुसरी लागली. बेसिक 10,000 होतं. जुना पीएफ काढून मोबाईल घ्यायचाय, आत्ताच्या फोनची काच फुटलीये. पण पोर्टल म्हणतंय नाव जुळत नाही. — विजापूर रोड

नाव का जुळत नाही ते मी बघायच्या आधीच सांगते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर तुझं नाव आधी आणि आडनाव शेवटी. पहिल्या दिवशी एचआरनं मार्कशीट बघून फॉर्म भरला असणार. मी स्वतः हे निस्तरत किती दुपारी घालवल्यात, एका पोराच्या तर वडिलांचंच नाव पीएफला लागलं होतं. आधार प्रमाणे दुरुस्ती करून घे, जुन्या कंपनीशी भांडून निघाला नसशील तर दोन मिनिटांचं काम आहे त्यांच्याकडून.

आणि काढू नकोस. तुझे महिन्याला 1,200 आणि कंपनीच्या 1,200 मधले 367 पीएफला जातात, उरलेले 833 पेन्शनला. म्हणजे 8 महिन्यांचे साडेबारा हजार आणि वर थोडं व्याज. सोबत पेन्शनचे पैसेही काढलेस तर ते 8 महिनेच मोडतात, पेन्शनला 10 वर्षांची नोकरी मोजतात त्यात हेही धरले असते. तुझा 12 आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, जन्मभर एकच असतो, नवीन कंपनीत तोच दे, नवीन काढू देऊ नकोस, आणि जुने पैसे ऑनलाईन तिकडं ट्रान्सफर कर.

फोनची काच सात रस्त्याला बसवून मिळते.