वाचकांचे प्रश्न : डॉमिनिकाला मेमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

प्रश्न : मुलांना सुट्टी मेमध्ये, नाहीतर थेट दिवाळीत. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जायचं घाटतंय. दोन्ही वेळेला दर उतरलेले असतात असं ऐकलं. पावसाच्या दृष्टीने कोणती वेळ बरी? (पुणे)

उत्तर : मे. पण पाऊस चुकेल या आशेवर जाऊ नका. बेट जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचं आणि त्यात १,४४७ मीटर उंचीचा डोंगर. अटलांटिकवरून येणारे वारे या डोंगरांना अडतात आणि बारा महिने पाऊस टाकत राहतात. आतल्या भागात वर्षाला ७,५०० मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. फरक इतकाच की तो चार महिन्यांत उरकत नाही. त्याच दुपारी पश्चिम किनाऱ्यावरच्या राजधानीत, रोझोत, मात्र कडक ऊन असू शकतं.

मे बरा म्हणायचं कारण जमीन. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला ऐन हंगाम. त्याच सुमारास पाऊस कमी असल्याने मेपर्यंत पायवाटा बऱ्यापैकी निथरलेल्या असतात. नोव्हेंबरात तीच माती पाच महिने भिजून फुगलेली असते, दरडी सैल असतात. चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, तरी खरा धोका ऑगस्ट ते ऑक्टोबर. डेव्हिड २९ ऑगस्ट १९७९ रोजी आलं, मारिया १८ सप्टेंबर २०१७ रोजी. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परतत असाल तर फार धास्ती नको. विमा मात्र तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळापुरती सहसा उपयोगी पडत नाही.

मेची खोट एकच. पूर्व किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ ढिगांनी येऊन कुजतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. समुद्राला लागून खोली हवी असेल तर ती पश्चिमेला घ्या.

नोव्हेंबरला जायचंच असेल तर शेवटचा आठवडा गाठा. ऑक्टोबरअखेर क्रिओल संगीत महोत्सव आणि ३ नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिन, त्यामुळे तेव्हा रोझोत खोली मिळवताना नाकी नऊ येतात. स्पर्म व्हेल बघणं हाच मुख्य हेतू असेल, तर मात्र आमचा कौल फिरवा. हे देवमासे तिथे वर्षभर असतात, पण नोव्हेंबर ते मार्च दिसण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : भारतीयांना डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही ना? मग अडचण कुठे येते? (नाशिक)

उत्तर : वाटेत. भारतातून थेट विमान नाही, आणि खरी कागदपत्रं मधल्या देशांची लागतात. मायामीमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवाच. पॅरिसहून ग्वादेलूप किंवा मार्टिनिक गाठून पुढे बोट पकडायचा बेत आकर्षक दिसतो. पण ती बेटं फ्रान्सची असूनही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. तुमच्या नेहमीच्या शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. लंडनमार्गे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि त्यातही विमानतळ बदलून हीथ्रोहून गॅटविकला जायचं असेल तर प्रकार बदलतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना यात काही सवलती आहेत, त्या अर्जाआधी तपासा. लंडन ते बार्बाडोस हा मार्ग आम्हाला सोपा वाटतो, कारण बार्बाडोसलाही भारतीयांना व्हिसा लागत नाही. तिथून डॉमिनिकाला छोटं विमान. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये एक मुक्काम ठेवाच.

त्रिनिदादमार्गे परतणार असाल तर आणखी एक कागद. त्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचा दाखला नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात.

आणि हो, तिकिटावर विमानतळाचं नाव डग्लस-चार्ल्स आहे ना, ते वाचा. सँटो डोमिंगो असेल तर तुम्ही डॉमिनिकन रिपब्लिकला निघालात.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. बॉयलिंग लेकला, म्हणजे तिथल्या उकळत्या तळ्याला, गाईडशिवाय जाता येईल का? (ठाणे)

उत्तर : जाऊ नका. अंतर सांगून भीती वाटणार नाही: लाउदा गावाजवळच्या टिटू गॉर्जपासून जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर, सहा-सात तास. वाट पहिल्यांदा दाट जंगलातून, लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्यांवरून ब्रेकफास्ट रिव्हरपर्यंत जाते. मग मोर्न निकोल्सची चढण, उघडी धार आणि तिथून व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये तीव्र उतार. इथे वाट अशी नसतेच. गंधकाची वाफ निघणाऱ्या भेगा, राखाडी आणि पांढरे गरम ओहोळ, आणि काही ठिकाणी पापुद्र्याइतकं पातळ कवच असलेली जमीन, जिच्याखाली उकळता चिखल असतो. दरड कोसळली की कालची वाट आज बदलते. गाईड हवा तो याच अर्ध्या तासासाठी.

तळं सुमारे ६० मीटर रुंद. मधोमध पाणी खळखळत असतं, काठाशीही ८० अंश सेल्सियसच्या वर. काठ निसरडा, म्हणून वरच्या कड्यावरूनच बघा. वाफेने काहीच दिसत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाऱ्याने पडदा हलतो.

लोक दमतात ते परतीला. जाताना उतरलेला तो तीव्र उतार येताना चढायचा असतो, तोही उन्हाने आणि गंधकाने डोकं जड झालेलं असताना. सकाळी आठच्या आत निघा. माणशी तीन लिटर पाणी, सुती कपडे नकोत, ते भिजले की वाळत नाहीत. कातळावर पक्की पकड देणारे तुमचे बूट ओल्या ओंडक्यावर आणि चिकणमातीवर घसरतात, खोल खाचांचा तळ हवा. विषारी साप बेटावर नाहीत, तेवढी चिंता वजा. चांदीची जोडवी, पैंजण, साखळी खोलीवर ठेवा. गंधकाच्या वायूने चांदी पाहता पाहता काळवंडते.

हा ट्रेक मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको. सकाळीच ब्रेकफास्ट रिव्हर फुगलेली दिसली तर मागे फिरून दुसरा दिवस धरता येतो. परतल्यावर टिटू गॉर्जच्या अरुंद घळीत पोहायचा मोह होईल. वर डोंगरात पाऊस असेल तर तिथे एकाएकी लोंढा येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काटक्या-पाला वाहत आला, की लगेच बाहेर.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं तिथे कसं होणार? (सांगली)

उत्तर : चांगलं होईल. फक्त विचारून खा. कॅललू सूप म्हणजे अळूच्या पानांचंच, पण त्यात बहुतेकदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. 'इटल' अशी पाटी दिसली तर आत शिरा. रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या लोकांच्या या खानावळींत मांस-मासे नसतात, मीठ मात्र कमी असतं. बाजारात अळकुड्या, नीरफणस, कच्ची केळी मुबलक. शनिवारी पहाटे रोझोचा बाजार सर्वांत भरलेला. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर तिखट-मसाला तेवढा घरून न्या.

प्रश्न : गाडी स्वतः चालवावी का? (नागपूर)

उत्तर : चालवा. डावीकडूनच चालवतात, स्थानिक तात्पुरता परवाना गाडी देणारेच काढून देतात. रस्त्याच्या कडेला उघडी, खोल गटारं असतात, समोरच्याला जागा देताना चाक तिकडे जातं. वळणावर हॉर्न द्या. चालवायची नसेल तर मिनीबस आहेत, पण संध्याकाळनंतर आणि रविवारी त्यांच्यावर विसंबू नका. प्लग ब्रिटिश धर्तीचा, तीन चौकोनी पिनांचा. डॉलर म्हटलं की कोणता ते विचारा, कारण एका अमेरिकी डॉलरला २.७० ईस्ट कॅरिबियन डॉलर असा स्थिर भाव आहे. लष्करी छापाचे कपडे, अगदी मुलांची हाफ पँटसुद्धा, नेऊ नका. तिथे ते कायद्याने बंद आहेत.