बी.कॉम. झालंय, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्सही केलाय. अकाउंट्सच्या नोकरीसाठी मी तयार आहे का, हे कसं ओळखायचं?

ओळखीच्या दुकानदाराकडून एका महिन्याची बिलं आणि बँक स्टेटमेंट मागून घ्या आणि कुणालाही न विचारता हिशेब पूर्ण करून बघा. कुठे अडताय ते लगेच कळेल. सीएच्या ऑफिसात नव्या मुलांच्या मुलाखती घेताना मी असंच काम समोर ठेवतो, सर्टिफिकेट शेवटी बघतो. एंट्री जवळपास सगळ्यांना येते. गाडी अडते ती पुढे: बँकेची शिल्लक टॅलीतल्या शिलकेशी जुळवणं, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी (विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारा तक्ता) ताडून पाहणं, राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) आणि परराज्यातल्या विक्रीला आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) का, हे सांगता येणं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ आणि जीएसटीआर-३बीसाठी (महिन्याच्या कराचा गोषवारा) २० तारखेची मुदत असते, म्हणून चूक शोधायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून बघा. (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं एक्सेलमधलं व्हीलुकअप हे सूत्र येत नसेल तर आधी ते शिका, दोन संध्याकाळचं काम आहे.) मात्र ही चाचणी छोट्या ऑफिसांपुरतीच, मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा टॅलीऐवजी सॅप हे दुसरं सॉफ्टवेअर असतं आणि इंग्रजीत ईमेल लिहिता येतो का, तेही बघतात.