आफ्रिकेत एवढी जमीन असून तिथला छोटा शेतकरी गरीब का? आणि आपण तिथे जाऊन शेती करावी का?

आफ्रिका म्हणजे पन्नासच्या वर देश, सगळ्यांचं मी काय सांगणार, पण मलावीत चार वर्षं काढलीत. मी मूळचा लातूरकडचा, ब्लांटायर शहराला लागून लिंबे म्हणून गाव आहे तिथल्या एका डाळमिलसाठी तूर खरेदी करायचो. त्यामुळे चिराडझुलू, मुलांजे, फालोंबे या भागातल्या वाड्यावस्त्यांवर भरपूर फिरलोय.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा प्रश्नच जरा चुकलाय. एवढी जमीन नाहीच हो. दक्षिण मलावीत माणसं दाटीवाटीने राहतात, एका घराला एक-दीड एकर म्हणजे बरं म्हणायचं. बैल तर त्या भागात मला जवळजवळ दिसलेच नाहीत, चरायला जागा कुठे आहे. सगळी शेती खासूवर, खासू म्हणजे त्यांची आखूड दांड्याची कुदळ. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात अख्खं कुटुंब कमरेत वाकून मागच्या वर्षीचे वरंबे मोडतं, मक्याची ताटं जुन्या सरीत गाडून त्यावर नवीन वरंबे ओढतं आणि मग नोव्हेंबरच्या पावसाची वाट बघत बसतं. एक एकर असं हाताने ओढून बघा म्हणजे 'तिकडचे लोक आळशी' म्हणणारे गप्प बसतील, आमच्या मिलमध्ये पण होते असे दोन-तीन आपलेच लोक.

मका हे मुख्य पीक, कारण न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा) खाल्ल्याशिवाय जेवलो असं कोणी म्हणतच नाही. त्याच वरंब्यावर मधेमधे तूर, तिला नांदोलो म्हणतात. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तोवर तूर मुकाट्याने गुडघा-मांडीएवढी असते आणि पाऊस संपल्यावर उरलेल्या ओलीवर वाढून जुलै-ऑगस्टला शेंगा देते. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर असते तसंच, फक्त तिफण नाही, दाणे हाताने टोकायचे. तुराट्या पण आपल्यासारख्याच चुलीत जातात, पहिल्यांदा ते भारे दारात उभे बघितले तेव्हा क्षणभर औसा-निलंग्यात असल्यासारखं वाटलं!

आता गरीब का. माझ्या मते खरी गोम जानेवारीत आहे. कणगीतला मका डिसेंबरपर्यंत संपतो, नवीन यायला एप्रिल. मधल्या महिन्यांत घरात पीठ नसतं, मग लोक गान्यूला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात उक्त्या कामाला, मजुरी म्हणून कधी पैसे कधी मकाच. आणि नेमकी तीच वेळ स्वतःच्या मक्याला खुरपणी आणि खत द्यायची असते. म्हणजे दुसऱ्याचं तण काढेपर्यंत स्वतःचं रान तणाने भरतं, खत पडलंच तर उशिरा पडतं, पीक कमी येतं, म्हणजे पुढच्या वर्षी मका डिसेंबरच्याही आधी संपणार. ह्या चक्रातून निघायला कष्ट कमी पडत नाहीत, तीन महिन्यांचं पीठ कमी पडतं. 2005 पासून सरकारने कूपनवर 50 किलोच्या दोन खताच्या गोण्या स्वस्तात द्यायला सुरुवात केली, मका वाढला पण, पण कूपन सगळ्यांनाच मिळायचं नाही आणि कोणाला मिळणार यावरून गावात जे राजकारण चालायचं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अजून एक, त्या भागात जमीन बाईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, म्हणजे सगळे घरजावईच. त्यामुळे सौदा करताना मी पुरुषाशी बोलत बसायचो आणि शेवटचा शब्द मागे शेंगा बडवत बसलेल्या आजीचा असायचा. अशाच एका आगोगोने (आजीला आगोगो म्हणतात) मला विचारलं, एवढ्या नांदोलोचं तुम्ही करता काय? म्हटलं सालं काढून डाळ करतो, चुणी जनावरांना घालतो. तिकडचे लोक अख्खी तूरच उकडून न्सिमासोबत खातात. ती इतकी हसली की शेजारणीला हाक मारून परत सांगायला लावलं.

आणि हीच तूर त्यांची रोखीची. 2015 ला आपल्याकडे तूरडाळ 200 रुपये किलो झाली, त्यानंतर तिकडे लोकांनी हौसेने तूर लावली. मग ऑगस्ट 2017 मध्ये भारताने आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली, म्हणजे ऐन त्यांच्या सुगीत. भाव धाडकन आपटला. आमच्या मालकाने खरेदी बंद कर म्हणून फोन केला तेव्हा मी एका गावात काटा लावून उभा होतो, समोर सायकलवर दोन-दोन पोती लादून आलेली तीसेक माणसं. त्यांना दिल्लीतला कागद कसा समजावणार? पोती परत सायकलवर चढवायला मीच हात लावला. आपल्याकडे तूर पडली की आपण आयातीला शिव्या देतो, मी पण दिल्यात, माझ्या घरची सात एकर तूर त्याच साली मातीमोल गेली होती. 2021 मध्ये मलावीसोबत वर्षाला 50,000 टन तूर घ्यायचा पाच वर्षांचा करार झाला, तोवर मी परत आलो होतो.

राहिलं तुमचं तिथे जाऊन शेती करायचं. परदेशी माणसाला जमीन लीजवर घ्यावी लागते, आणि ज्याला एजंट पडीक म्हणून दाखवतो त्यावर बहुतेक वेळा कोणत्यातरी आगोगोचे जुने वरंबे असतात, जवळ जाऊन बघा, दिसतात. त्यापेक्षा व्यापार किंवा मिल बघा, आणि काटा प्रामाणिक ठेवा, तिथले बरेच फिरते व्यापारी मापात मारतात हे गावागावात माहिती आहे.