तालुक्याच्या गावी राहून वृत्तपत्राचा संपादक होता येतं का? आणि त्यावर घर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. झालंय, यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहता, घरी कोरडवाहू शेती आहे आणि संपादक व्हायचं म्हटलं की घरचे विचारतात, "खाशील काय?" मी दारव्हा-दिग्रस भागात साप्ताहिक चालवतो. त्याआधी बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. माझं उत्तर असं: संपादक होता येतं, घरही चालतं, पण अंकाच्या विक्रीवर नाही. आणि पैसा कुठून आणायचा हे ज्याने आधी ठरवलं नाही, त्याच्या हातात बातमी ठरवायचा अधिकार फार दिवस राहत नाही.

दैनिकात शिरायची वाट बहुतेकांसाठी तालुका वार्ताहर म्हणून सुरू होते. मानधन नाममात्र, जोडीला जाहिरातीचं कमिशन, आणि वर्धापन दिनाच्या पुरवणीला टार्गेट. वार्ताहरालाच जाहिरातीचं टार्गेट द्यायची ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. ज्या कृषी केंद्रवाल्याकडे सकाळी पाव पानाची जाहिरात मागायची, त्याच्याकडच्या न उगवलेल्या सोयाबीन बियाण्याची बातमी संध्याकाळी कोणत्या तोंडाने लिहायची? तरी दोन-तीन वर्षं हे काम करा, कारण तहसील, पोलीस ठाणं, बाजार समिती आणि ग्रामीण रुग्णालय आतून कळतं ते तिथेच. पुढे जिल्हा कार्यालयात उपसंपादक, मग आवृत्ती प्रमुख, आणि त्यातला एखादा संपादक. ग. त्र्यं. माडखोलकर आधी नागपूरच्या 'महाराष्ट्र' या वृत्तपत्रात घडले आणि १९४४ साली 'तरुण भारत' या दैनिकाचे संपादक झाले. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव मोठं, पण अंक काढायची शिस्त त्यांना 'महाराष्ट्र'च्या टेबलावर लागली. अशी तयारी झाल्याशिवाय स्वतःचा अंक काढायला घेऊ नका.

आता संपादक नेमकं काय करतो, ते बघा. कोणत्याही मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात आणि कंसात लिहिलेलं असतं की बातम्यांच्या निवडीची जबाबदारी संपादकाची. वृत्तपत्र नोंदणीच्या १८६७च्या जुन्या कायद्याने संपादकाची व्याख्याच मजकुराच्या निवडीवर केली होती. म्हणजे उद्या अब्रुनुकसानीची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येणार, बातमी वार्ताहराने लिहिलेली असली तरी.

ही निवड आमच्याकडे कशी करावी लागते त्याचं एक उदाहरण देतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की ठाण्यातून दोन ओळी येतात, "दारूच्या व्यसनातून" किंवा "घरगुती वादातून". संध्याकाळी पान लावायची घाई असते आणि ऑपरेटर त्या ओळी तशाच टाकायला निघतो. एकदा अशाच वेळी मृताचा मुलगा कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "माया बाप दारू पेत नव्हता भाऊ, पेपरात तसं नका लिवू." शासनाची एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण समितीसमोर पात्र ठरावं लागतं. नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा, सगळं तपासलं जातं. त्या घराचं कर्ज बँकेच्या कागदावर होतं आणि तो कागद आम्ही मुलाकडे पाहिला. कारणाची ओळ आम्ही काढली, थकीत कर्जाची नोंद घातली, आणि आत्महत्या कशी केली याचा तपशील नेहमीसारखा गाळला. मदत मिळते की नाही हे पेपर ठरवत नाही, पण "दारुड्या" हा शिक्का छापून आला की गावात तो त्या घराला पिढीभर चिकटतो.

दुसरं काम जोडून बघण्याचं. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशी गोष्ट एकदम मोठी बातमी होऊन येत नाही. एका गावातून एक कॉलमी येते, चार दिवसांनी दुसऱ्या गावातून, तिसरा वार्ताहर तर कळवतही नाही. आलेल्या दोन्ही बातम्यांत उलट्या आणि अंधुक दिसणं आहे, हे टेबलावर बसलेल्या माणसाला दिसायला हवं. मग त्याने वार्ताहराला सरकारी दवाखान्यात वॉर्डात पाठवायला हवं. संगणकावर पान लावणं महिन्याभरात शिकता येतं, ही नजर यायला वेळ लागतो.

पैशाचं आता सरळ सांगतो. वर्गणीतून कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही. शासनमान्य यादीत नाव लागलं तर सरकारी जाहिराती मिळतात, पण बिलं उशिरा निघतात. खरा आधार वकिलांच्या जाहीर सूचना, वारसाच्या नोटिसा, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा यांचा. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीही येतात. त्या मी घेतो, पण रोख आणि आगाऊ. उधारी राहिली की वसुलीला जाताना तुमची बातमी मवाळ होते, हे मी आजूबाजूच्या अनेक पेपरांत पाहिलंय. माझं घर चालतं ते जोडीच्या छापखान्यावर: लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका. तुमच्याकडे शेती आहे, ती विकून मशीन घेऊ नका. छपाई बाहेरून करून घ्या.

नोंदणीसाठी आता २०२३चा नवा कायदा आहे, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज 'प्रेस सेवा' पोर्टलवर एकत्र करता येतो, पूर्वीसारखं घोषणापत्रासाठी दंडाधिकाऱ्यांकडे खेटे घालावे लागत नाहीत. नावं चार-पाच काढून ठेवा, मनातलं नाव बहुतेक आधीच कुणीतरी घेतलेलं असतं.

घरच्यांना सांगा की पहिली दोन-तीन वर्षं पगाराची आशा नाही, म्हणून शेती सुटणार नाही. आणि या खरिपातच कुठल्यातरी दैनिकाकडे तालुक्याचं काम मागा. पेरणीपासून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीपर्यंतचा हंगाम एकदा वार्ताहर म्हणून काढा, मग शीर्षकासाठी अर्ज करा.